सगळ्यांचे डावे हात

मला अपराधी वाटायला फार मोठं कारण लागत नाही. शाळेची घंटा उशिरा झाली तर मी शिपायाकडे न बघता स्वतःच्या घड्याळाकडे बघतो. रिक्षावाला चुकीच्या गल्लीत शिरला तर मीच त्याला पत्ता नीट सांगितला नसणार, असं वाटतं. बायको म्हणते, "तुझ्या डोक्यात एक कायमचा मुख्याध्यापक बसलाय रे. त्याला एकदा रिटायर कर." त्यामुळे पुढे जे लिहितोय त्यात माझा स्वभाव किती आणि खरा गुन्हा किती, हे वाचणाऱ्यांनीच ठरवावं. नावं कुणाचीच लिहीत नाही. मुलं उद्या मोठी होतील, वाचतील आणि मला जाब विचारायला येतील. तेवढी हिंमत त्यांच्यात आली आहे.

मी चारकोपमधल्या एका मराठी शाळेत चौथीला शिकवतो. नोकरीची वीसेक वर्षं इथेच गेली. आमच्याकडे तिसरी आणि चौथीच्या वर्गांमध्ये भिंत नाही, घडीचं लाकडी पार्टिशन आहे. ते फक्त पाटीपूजनाला आणि गॅदरिंगच्या तालमींना उघडायचं. एरवी त्याच्या अलीकडे माझी चौथी, पलीकडे तिसरी. पलीकडून पाढे सुरू झाले की माझ्या मुलांच्या मानाही त्या लयीत हलायच्या.

मला ते आवडायचं. खरं सांगतो, मला रांगा आवडतात. सरळ लावलेली बाकं, हाताची घडी, तोंडावर बोट, आणि मी फळ्यापाशी. मी स्वतः तसाच शिकलो. वडिलांची गिरणी बंद पडल्यावर आम्ही इथे चारकोपला राहायला आलो. मला ज्या शाळेत घातलं तिथे वर्गात मुलं इतकी होती की गुरुजींना माझं नाव वर्ष संपता संपता कळलं. पण पाढे असे पक्के झाले की आजही मला झोपेतून उठवून सतरा साते विचारा. त्या शाळेनं माझं वाईट केलं असं मी कधीच म्हणणार नाही. घाबरणाऱ्या मुलाला रांगेत एक फायदा असतो: सगळ्यांबरोबर ओरडलं की आपला आवाज कुणाला वेगळा ऐकू येत नाही. मी तसा घाबरणाराच होतो.

मग तिसरीवर नवीन बाई आल्या. माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, कंत्राटावर, कांदिवली स्टेशनजवळून सायकलने येणाऱ्या. पाटीपूजन आटोपल्यावर मी पार्टिशनच्या फळ्या परत ओढायला लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, हे उघडंच ठेवलं तर?"

"कधीपर्यंत?"

"कायमचंच."

"आणि आवाज?"

"होईल ना."

"आणि शिस्त?"

"ती पण होईल. जरा उशिरा होईल."

मला वाटलं, नवीन आहेत, दिवाळीपर्यंत विसरतील. त्या विसरल्या नाहीत. त्यांनी मुख्याध्यापिकांना पटवलं. आमच्या दोन्ही वर्गांतली मुलं मिळून पूर्वीच्या एका वर्गाएवढीच उरली होती, त्यामुळे पटवणं फार कठीण गेलं नाही. संस्थेनं एका वर्षाची परवानगी दिली. बाकं बाहेर काढायची, तिसरी-चौथी एकत्र बसवायची, आणि मुलांनी सकाळी आपलं काम आपण निवडायचं. जानेवारीत संस्थेची मंडळी येऊन बघतील. पटलं तर वर्ग पुढे चालू. नाही पटलं तर फळ्या ओढायच्या, बाकं आत आणायची, आणि बाईंचं कंत्राट वाढवायचं की नाही याचा 'विचार' करायचा. आमच्याकडे एखाद्या गोष्टीचा विचार होणार म्हटलं की ती गेलीच असं समजतात.

जूनमध्ये बाकं गच्चीच्या जिन्याखाली रचली. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बाकडी नाय? मगे पोरां बसतत खंय?"

"चटईवर."

"आमी जमनीरच बसान शिकलव. तेच्यात नवीन काय ता?"

नवीन काय ते मला पहिल्याच दिवशी कळलं. मुलं छान बसली. पंचाईत माझी झाली. रांगा गेल्या आणि मला उभं कुठे राहायचं तेच कळेना. एका कोपऱ्यात वाचनाच्या चटया, दुसऱ्यात मापांचा कोपरा: तागडी, पत्र्याचे डबे, सुतळी, मोजपट्ट्या. खिडकीशी रोपं. मुलं इकडून तिकडे जात होती आणि मी रस्त्यातल्या खांबासारखा मध्ये. शेवटी एक तिसरीतला मुलगा म्हणाला, "सर, जरा बाजूला व्हा ना, आमचं दुकान आहे इथे." मी बाजूला झालो. वीस वर्षांत मला वर्गात कुणी बाजूला व्हायला सांगितलं नव्हतं.

पहिले दोन महिने मी रोज हरत होतो. काही मुलं दिवसभर तागडीशी खेळायची आणि वाचनाकडे फिरकायची नाहीत. पाढ्यांवरून बाईंचं आणि माझं भांडण व्हायचं. "पाठ केल्याशिवाय डोक्यात राहत नाहीत," मी म्हणायचो. "समजल्याशिवाय राहून काय उपयोग?" त्या म्हणायच्या. दोघेही हट्टी. मग तडजोड निघाली: जेवणाच्या सुट्टीनंतर सगळ्यांनी वर्गाला फेरी घालत पाढे म्हणायचे, आणि ज्याला शंका येईल त्याने फेरी थांबवून विचारायचं. तीन सक्काला फेरी हटकून थांबायची. पण माझा जुना सूर मला परत मिळाला होता, मी खूश होतो.

माझं मत खरं बदललं ते एका मुलीमुळे. ती खारदांड्याची. वडिलांची होडी आहे, आई पहाटे मासळी आणायला जाते, घरात धाकटी जुळी भावंडं, म्हणून ती चारकोपला मावशीकडे राहून शिकते. आदल्या वर्षी ती तिसरीत शेवटच्या बाकावर बसायची. बाईंनी सांगितलं होतं की वर्षभरात तिच्या तोंडून 'हजर'खेरीज शब्द निघाला नाही. हुशार की कच्ची, तेही कळायला मार्ग नव्हता. ऑगस्टमध्ये एकदा मी मापांच्या कोपऱ्यात वाटाणे तोलून दाखवत होतो, तेव्हा मागून आवाज आला, "सर, तागडी खोटी हाय."

मी वळलो. तीच.

"खोटी कशी?"

"उजवं पारडं जड हाय. रिकामं धरा, बघा."

मी रिकामी तागडी धरली. उजवं पारडं खाली गेलं. मी महिनाभर त्याच तागडीवर मुलांना शिकवत होतो! सगळे हसले, मीही हसलो. तिने सुतळीचा एक तुकडा डाव्या पारड्याला बांधून तागडी खरी केली. त्या दिवसानंतर ती बोलायची थांबेना. रोज सकाळी मला पाहून विचारायची, "सर, आज काय मोजायचं?"

दिवाळीनंतर मी मनातून पूर्ण फुटलो होतो, बाईंच्या बाजूला गेलो होतो. आणि जानेवारी जवळ यायला लागला तशी माझी झोप उडाली. कारण मला संस्थेची माणसं ठाऊक होती. ती दारात उभी राहून आत बघणार. आत कुणी चटईवर पालथं पडून वाचतंय, कुणी रोपांशी बोलतंय, चारजण मोजपट्टीवरून भांडताहेत. त्यांना फक्त गोंधळ दिसणार. त्या गोंधळाच्या आतलं दिसायला आम्हाला सहा महिने लागले होते, त्यांना ते चहा थंड व्हायच्या आत कसं दिसावं?

भेटीच्या आठवड्याच्या सुरुवातीला बाई घाटकोपरला प्रशिक्षणाला गेल्या. दोन दिवस सगळी मुलं माझ्या एकट्याकडे होती. आणि मी ते केलं. मी मुक्त वर्गाची तालीम घेतली.

हसू नका. आमच्या पिढीच्या शिक्षकाला तपासणी म्हणजे तालीम, हे श्वास घेण्याइतकं स्वाभाविक आहे. साहेब येणार म्हटलं की धडा आठवडाभर आधी बसवायचा, प्रश्न ठरलेले, उत्तरं ठरलेली. आणि सगळ्यात जुनी युक्ती हातांची: प्रश्न विचारला की वर्गातल्या झाडून सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. साहेबांना हातांचं जंगल दिसतं. शिक्षक फक्त उजव्या हातालाच उठवतो. पहिल्या नोकरीत एका ज्येष्ठ शिक्षकांनी ही युक्ती मला वर्गाची चावी द्यावी तशी दिली होती. मी ती नेहमी वापरली आणि, माझ्यासारख्याला नवल वाटावं असं, कधी अपराधी वाटलं नाही.

मी मुलांना चटईवर बसवलं आणि भूमिका वाटल्या. तू रोपांना पाणी घालायचं. तू पुस्तक संपवून आपणहून दुसरं घ्यायचं. मी मापांवर पाच प्रश्न विचारेन, हात असे असे. मुलांना वाटलं गॅदरिंगच आहे. ती एकदम रंगात आली.

"सर, मी मध्येच उठून खिडकीशी जाऊ?"

"जा, पण तुला आत्ताच सुचलंय असं जा."

"सर, आम्ही रोज भांडतो तसं भांडायचं का?"

मी विचार केला. मुलांनी भांडण आपापसांत मिटवणं ही बाईंची अभिमानाची गोष्ट होती. "भांडा. छोटं. पट्टीवरून. मग दोघांनी बोलून मिटवायचं. मी मान हलवली की सुरू करायचं."

मोकळेपणाची अशी सगळी बांधाबांध झाली. आणि मग मी ते वाक्य बोललो, जे मला अजून टोचतं: "बाईंना सांगायचं नाही हं. आपलं सरप्राइज."

सगळे "हो" म्हणाले. खारदांड्याची मुलगी 'हो' म्हणाली नाही. ती म्हणाली, "सर, पण आपण तर रोजच करतो हे. मग शिकायचं कशाला?"

मी म्हटलं, "पाहुणे येणार म्हणून." आणि तालमीला लागलो.

घरी बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती. सुरी थांबली.

"म्हणजे तू मुलांना मोकळं वागायची रिहर्सल करवलीस?"

"वर्ग वाचला पाहिजे ना!"

"झकास. उद्या मला पण शिकव, आपण खूश आहोत असं कसं दाखवायचं ते."

"तुला कळत नाहीये. एक दिवस नीट गेला की..."

"अरे, बाईंना विचारलंस का?"

मी ताटं मांडायला उठलो. तिने सुरी परत चालवायला घेतली. तेवढ्यात आईने आतून विचारलं, "ह्यो काय नाटकात हा?" आणि दोघी हसल्या.

भेटीच्या दिवशी तिघं आले: मुख्याध्यापिका, संस्थेचे खजिनदार, आणि एक वयस्कर विश्वस्त. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, उंच, ताठ, अंधेरीच्या एका शाळेतून फार पूर्वी निवृत्त झालेले मास्तर. मुलांनी त्यांना लगेच आजोबा करून टाकलं. बाई आदल्याच दिवशी परत आल्या होत्या. त्या शांत होत्या. मला म्हणाल्या, "सर, आपण काही वेगळं नको करूया. रोजच्यासारखंच." मी मान हलवली. अपराधी माणसाची मान फार जोरात हलते.

सुरुवात इतकी सुंदर झाली की मला भीतीच वाटली. पाणी घालणारा पाणी घालत होता. वाचणारीने पुस्तक मिटलं, सुस्कारा टाकला आणि आपणहून दुसरं घेतलं. सुस्कारा तिचा स्वतःचा होता, मी सांगितला नव्हता. बाईंच्या कपाळावर एक बारीक आठी आली. मुलं नेहमीसारखी दिसत होती, पण काहीतरी जास्त नेहमीसारखी. खजिनदार मात्र खूश दिसले. ते काहीतरी बोलले, मी नम्रपणे मान हलवली, आणि मापांच्या कोपऱ्यातून खणखणीत आवाज आला, "सर, आता भांडू?"

मी खोकलो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आजोबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं करून खिडकीतून बाहेर बघितलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

वेळ सावरायला मी घाईघाईने सगळ्यांना चटईवर बोलावलं आणि माझे पाच प्रश्न सुरू केले. हातांचं जंगल उभं राहिलं. एका मीटरमध्ये सेंटिमीटर किती? उजवा हात, बरोबर उत्तर. पुढचा, बरोबर. पाचव्यापर्यंत मला घाम सुकल्याचं जाणवलं. तेवढ्यात आजोबा म्हणाले, "सर, मी एक विचारू का?"

नाही कसं म्हणणार?

त्यांनी तिसरीकडच्या भिंतीपासून चौथीकडच्या भिंतीपर्यंत हात फिरवला. "मुलांनो, ही तुमची मोठी खोली. ही लांबीला किती आहे?"

हे मी शिकवलं नव्हतं. हे कुणालाच येत नव्हतं. पण माझी मुलं गुणी. शिकवलेलं विसरत नाहीत. प्रश्न संपायच्या आत झाडून सगळ्यांनी हात वर केले. सगळ्यांनी डावे.

एकही उजवा नाही. सरळ, ताठ, कवायतीसारखे डावे हात. काहींनी तर उत्साहाने गुडघ्यांवर उभं राहून डावा हात वर धरला होता. जमीन दुभंगावी असं लोक का म्हणतात ते मला कळलं. आमचा वर्ग पहिल्या मजल्यावर आहे. दुभंगली असती तर मी खाली पहिलीच्या वर्गात, पुन्हा मुलांसमोरच पडलो असतो.

आजोबांनी त्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हळू आवाजात मुलांना विचारलं, "आमच्या वेळी उजवा म्हणजे येतं आणि डावा म्हणजे येत नाही असं असायचं. तुमच्याकडेही तेच का?"

"हो आजोबा!" सगळ्यांनी एका सुरात.

"कुणी शिकवलं?"

"सरांनी! बाईंना सांगायचं नाही, सरप्राइज आहे!"

बाई माझ्याकडे बघत होत्या. रागाने नव्हे. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण आजोबांनी हात वर करून थांबवलं आणि मुलांकडे वळले.

"बरं. म्हणजे कुणालाच येत नाही. मग आता काय करायचं?"

इथपर्यंत माझं नाटक होतं. इथून पुढचं माझं नाही.

खारदांड्याची मुलगी उभी राहिली. "मोजायचं," ती म्हणाली. आवाजात 'एवढं कसं कळत नाही' असा भाव होता. मोजपट्टी शोधायला दोघंजण धावले. तेवढ्यात तिने भिंतीला पाठ लावली, दोन्ही हात पसरले आणि म्हणाली, "एक." बोटाच्या टोकाशी खडूची खूण केली, सरकली, पुन्हा हात पसरले. "दोन."

"हे काय?" खजिनदारांनी विचारलं.

"वाव. आमचा बापूस दोरी अशीच मोजतो."

तिचे नऊ वाव झाले आणि थोडं उरलं. "नऊ वाव आणि एक वीत," तिने जाहीर केलं. आजोबांना राहवलं नाही. त्यांनी चपला काढल्या, भिंतीला पाठ लावली आणि आपले लांब हात पसरले. मुख्याध्यापिका तोंडावर रुमाल धरून उभ्या. एक मुलगा आजोबांच्या बोटाशी खूण करत होता, दुसरा "आजोबा, हात खाली येतोय, सरळ!" म्हणून ओरडत होता. आजोबांचे सात झाले.

"आता?" आजोबा धापा टाकत म्हणाले. "खोली एकच. हिची नऊ, माझी सात. खरी कुणाची?"

मग जो गोंधळ उठला तो मला कुठल्याही तालमीत बसवता आला नसता. एक म्हणाला, आजोबांची, ते मोठे आहेत. दुसरी म्हणाली, मोठे असले म्हणून काय झालं, पहिल्यांदा तिने मोजलं. कुणी म्हणालं, सगळ्यांनी आजोबांच्याच हातांनी मोजायचं. "यार, आजोबा काय रोज येणार का?" पाणी घालणाऱ्याने विचारलं. भांडण खरं सुरू झालं, माझ्या मान हलवण्याची वाट न बघता. खजिनदारांनाही ओढून भिंतीशी उभं केलं गेलं. त्यांचे पावणेआठ झाले आणि भांडण आणखी वाढलं. बाई एका कडेला मांडी घालून बसल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "आजोबा रोज येणार नाहीत. मग त्यांचा वाव आपल्याकडे कसा ठेवायचा?"

मग खारदांड्याच्या मुलीने मापांच्या कोपऱ्यातून सुतळीचा गुंडा आणला. तिने आजोबांना पुन्हा हात पसरायला लावलं, या बोटापासून त्या बोटापर्यंत सुतळी ताणली आणि कात्रीने कापली. "हा घ्या," ती म्हणाली. "आता आजोबा घरी गेले तरी चालेल."

आजोबा मोठ्याने हसले. मला वाटतं आमच्या शाळेत ते पहिल्यांदाच तसे हसले असावेत, कारण मुख्याध्यापिका त्यांच्याकडे बघतच राहिल्या. शिकवलेलं मीटर आणि सेंटिमीटर मुलांनी माझ्या पाच प्रश्नांत पोपटासारखं म्हटलं होतं. सगळ्यांना चालेल असं एक माप का लागतं, ते त्यांना त्या सुतळीने कळलं. खरं सांगायचं तर मलाही नीट तेव्हाच कळलं.

जाताना आजोबांनी मला जिन्यात थांबवलं. मी म्हटलं, "सर, चूक माझी आहे. बाईंना यातलं काही माहीत नव्हतं. तुम्हाला काय ठरवायचं ते ठरवा, पण त्यांच्यावर नको."

ते म्हणाले, "डावा-उजवा मीही नोकरीभर केलं. कुणी पकडलं नाही. तुमचं नशीब, तुम्हाला मी भेटलो." मग कठड्याला धरून उतरता उतरता म्हणाले, "मुलांना येत नाही हे आपण किती मेहनतीनं लपवतो नाही? तेवढ्यात शिकवून झालं असतं."

बाईंशी बोलायची वेळ शाळा सुटल्यावर आली. त्या सायकलचं कुलूप काढत होत्या. मी जवळ जाऊन उभा राहिलो. माफीचं भाषण मी मनात तयार केलं होतं. तेही बसवलेलंच.

"सर, वाट लागली असती," त्या म्हणाल्या.

"हो."

"मला आधी वाटलं, मुलं आजारी आहेत की काय. इतकी गोड वागत होती!"

"बाई, मी..."

"माझ्यावर विश्वास नव्हता ते चालेल. पण सहा महिने तुम्ही त्यांच्याबरोबर होतात ना? त्यांच्यावर पण नव्हता?"

मला वाटतं, माझा विश्वास त्या मुलांवर बसला होता, पण दारात उभ्या राहणाऱ्या माणसावर नव्हता. आयुष्यभर मी त्या दारातल्या माणसासाठीच शिकवत आलो होतो. तो दारात असला काय नि नसला काय, मी मनातून कायम त्याच्याकडेच तोंड करून उभा. हे मी त्यांना अडखळत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"मग उद्या हे मुलांना सांगा," त्या सायकलवर बसत म्हणाल्या. "चटईवर बसून. उभं राहून नाही."

दुसऱ्या दिवशी मी चटईवर बसलो. मांडी घालायची सवय गेलेली, गुडघे कुरकुरले. मी मुलांना सांगितलं, की येत नसताना येतं असं दाखवायला मी तुम्हाला शिकवलं आणि बाईंपासून लपवायला लावलं, ते चुकलं. मुलांनी गंभीरपणे ऐकलं. मग भांडणाची भूमिका मिळालेला मुलगा म्हणाला, "म्हणजे आता नाटक होणारच नाही का? माझं भांडण राहिलं." माझ्या पश्चात्तापाचा तिथेच निकाल लागला.

खारदांड्याच्या मुलीला वेगळीच शंका होती. "सर, मग डाव्या हाताचं काय करायचं?"

"आता गरज नाही. येत असेल त्यानंच हात वर करायचा."

"पण डावा बरा व्हता," ती म्हणाली. "काल सगल्यांनी डावा केला तवा तर मजा आली."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी बाईंकडे. आणि तो नियम तिथेच ठरला. आमच्या वर्गात उजव्या हाताला आता फार कुणी विचारत नाही. येतं तर येतं, सांगून टाक. डावा हात वर झाला की मात्र आसपासचे काम सोडून त्याच्याभोवती जमतात, कारण तिथे काहीतरी शोधायचं असतं. कुणी फार वेळ डावा हात वर केला नाही तर बाकीचे त्याच्याकडे संशयाने बघतात.

संस्थेचा निर्णय मार्चमध्ये आला. पार्टिशन आणखी एक वर्ष उघडं ठेवायचं, सहामाहीला दोन्ही वर्गांची लेखी परीक्षा मात्र नेहमीसारखी घ्यायची, आणि बाईंचं कंत्राट पुढे चालू. फार मोठा विजय नाही. परीक्षेच्या अटीने बाई दोन दिवस चिडल्या होत्या. मला ती अट मनातून आवडली, आणि तसं मी त्यांना लगेच सांगून टाकलं, लपवायचं धैर्य आता राहिलेलं नाही. "माहीत होतं मला," त्या म्हणाल्या. पाढ्यांची फेरी चालू आहे. तीन सक्काला ती अजून थांबते.

आजोबांची सुतळी मापांच्या कोपऱ्यात खिळ्याला टांगली आहे. ते मध्ये एकदा न कळवता येऊन गेले. दारात उभे राहिले, कुणी लक्ष दिलं नाही, मीही दिलं नाही. कारण तेव्हा मी एका कामात अडकलो होतो. खारदांड्याच्या मुलीने घरून जाळ्याचा एक फाटका तुकडा आणला होता आणि ती सगळ्यांना गाठ शिकवत होती. तिसरीच्या मुलांनाही जमली. माझी सारखी सुटत होती. मी आजूबाजूला पाहिलं. सगळे आपापल्या गाठीत गढलेले. मी हळूच डावा हात वर केला.

तिने मान वर करून बघितलं. "सर, नीट वर धरा," ती म्हणाली. "दिसत नाय."